संमिश्र वाहतुकीचे गणित आणि कशेळ्याचा चौक

कर्जत तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर कशेळे हे गाव वसले आहे. कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता या गावातून जातो, नेरळकडून येणारा रस्ता त्याला येथे मिळतो, आणि खांडस, आंबिवली या बाजूच्या गावांकडे व वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा येथूनच फुटतात. त्यामुळे गाव लहान असले तरी त्याच्या चौकात येणारी वाहतूक लहान नाही, आणि एका प्रकारची तर मुळीच नाही. भीमाशंकरची पायवाट धरणारे भाविक, पेठचा किल्ला पाहण्यास निघालेले तरुण, ग्रामीण रुग्णालयात येणारे रुग्ण, शेतघरांकडे निघालेल्या मुंबईकरांच्या मोटारी, एसटीच्या गाड्या, प्रवासी रिक्षा, मालट्रक, भातलावणीच्या दिवसांत चाकांना चिखल घेऊन रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर, असंख्य मोटारसायकली, पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसणारी गुरे आणि या सर्वांमधून वाट काढणारी शाळेची मुले, असे हे मिश्रण आहे. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा यात्रेच्या दिवसांत याच मार्गावर जनावरांची वाहतूकही वाढते.

अशा चौकाबद्दल ग्रामसभेत चर्चा निघाली की सूचनांना तोटा नसतो. कोणी रस्ता रुंद करा म्हणतो, कोणी गतिरोधक मागतो, कोणी रिक्षांचा थांबा हलवावा असे सुचवितो. यांपैकी कोणत्या उपायाने काय होईल, हे मात्र काम पुरे होऊन पैसा खर्च झाल्यावरच कळते. पूल बांधण्यापूर्वी त्यावरील भाराचे गणित केले जाते. चौक बदलण्यापूर्वी तेथील माणसांच्या वर्तनाचे गणित करता येईल काय? वाहतूकशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी होकारार्थी दिले आहे. प्रत्येक वाहनाला व त्याच्या चालकाला काही नियम देऊन, संगणकाच्या साहाय्याने क्षणाक्षणाची हालचाल उभी करणे, या पद्धतीला वाहतुकीचे प्रतिरूपण म्हणतात. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ती समजून घ्यावी असे वाटते, कारण तिच्या आधारे घेतलेले निर्णय त्यांच्याच दारापुढील रस्त्यावर उतरत असतात.

एकामागून एक

या शास्त्राचा आरंभ एका साध्या प्रश्नातून झाला. एका मोटारीमागे दुसरी मोटार असेल, तर मागील चालक किती अंतर ठेवतो? १९५३ मध्ये पाइप्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील वाहतूक नियमाचेच समीकरण केले: वेगाच्या दर दहा मैलांमागे एका मोटारीच्या लांबीइतके अंतर. १९५८ मध्ये चँडलर, हर्मन व माँट्रोल यांनी असे दाखविले की मागील चालक पुढील वाहनाशी असलेल्या वेगाच्या फरकाला प्रतिसाद देतो, परंतु तो प्रतिसाद काही क्षण उशिराने येतो. त्या क्षणिक विलंबातूनच रांगेत धक्क्यासारखी लाट निर्माण होते. १९७४ मध्ये जर्मनीतील वीडेमान यांनी चालकाच्या जाणिवेला महत्त्व दिले: अंतर वा वेग थोडा बदलला तर चालकाच्या लक्षातही येत नाही; ठराविक मर्यादा ओलांडल्यावरच त्याचा पाय ब्रेककडे जातो. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या काही संगणक-प्रणालींच्या मुळाशी हेच प्रतिरूप आहे.

या सर्व विचारांत एक गृहीत दडलेले आहे. वाहने आपापल्या मार्गिकेत चालतात आणि प्रत्येकाच्या पुढे नेमके एकच वाहन असते, असे ते गृहीत होय. शेजारच्या खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ते काही प्रमाणात तरी लागू पडते. तेथे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी व पादचारी यांना मज्जाव आहे आणि मार्गिका आखलेल्या आहेत. (त्या मार्गिका पाळल्या जातात असे मात्र घाट चढणाऱ्या मालट्रकांच्या मागे अडकलेला कोणताही प्रवासी म्हणणार नाही.) कशेळ्याच्या चौकात ते गृहीत कोलमडून पडते. येथील मोटारसायकलस्वाराच्या पुढे एक वाहन नसते. समोर एसटी, डाव्या बाजूस रिक्षा आणि त्या दोहोंमध्ये एक फट असते. तो त्या फटीकडे पाहून चालवितो. रिक्षाचालक समोरच्या वाहनाइतकाच कडेला उभ्या असलेल्या उतारूकडे पाहतो. एसटीचा चालक आपल्या गाडीच्या आकारावर विसंबून असतो. इतर लोक वाट देतील हे त्याला ठाऊक असते, आणि ते देतातही. याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या वागण्यात एक सुसंगती आहे, आणि जेथे सुसंगती आहे तेथे नियम शोधता येतो.

आपल्या देशातील संशोधकांनी नेमके हेच केले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अरसन व कोशी यांनी मार्गिकेचे बंधन न मानणारे प्रतिरूप विकसित करून २००५ मध्ये त्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्यात संपूर्ण रस्ता ही एकच मोकळी जागा समजून प्रत्येक वाहनाचे स्थान लांबी व रुंदी या दोन्ही दिशांनी नोंदविले जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत टॉम मॅथ्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती वापरली: मार्गिकेचेच अरुंद पट्टे पाडावयाचे. मोटारसायकल एखादाच पट्टा व्यापते, मोटार अधिक, बस त्याहूनही अधिक; आणि प्रत्येक चालक आपल्या पुढील व बाजूच्या पट्ट्यांत जागा आहे काय हे दर क्षणी पाहतो. परदेशी प्रणालीवर ही कल्पना बसवून त्यांनी संमिश्र वाहतुकीसाठी 'सिमट्रॅम' ही प्रणाली सिद्ध केली. याच संस्थेत वाहनाच्या आसनासारखी रचना व समोर पडदा असलेल्या यंत्रावर चालकांना बसवून, मोबाइल फोनचा त्यांच्या वागण्यावर कोणता परिणाम होतो याचाही अभ्यास झाला आहे. तो या विषयाचा वेगळा भाग असला तरी पट्ट्यांच्या गणिताला लागणारे चालकाचे नियम अशाच निरीक्षणांतून मिळतात.

आठ मोटारींची बैलगाडी

प्रतिरूपण येण्यापूर्वी, आणि आजही बहुतेक कार्यालयांत, निर्णय होतो तो एका सोप्या हिशेबावर. निरनिराळ्या वाहनांची बेरीज करता यावी म्हणून प्रत्येकाचे मूल्य मोटारीच्या मापात मांडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शक सूत्रांत मोटार १, मोटारसायकल व सायकल प्रत्येकी अर्धा, बस किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रेलर साडेचार आणि बैलगाडी ८ अशी ही एकके दिली आहेत. लहान बैलगाडीसाठी ६ धरावेत असेही म्हटले आहे. म्हणजे एक बैलगाडी रस्त्याची आठ मोटारींइतकी क्षमता खाते. पुढे २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय परिस्थितीच्या पाहणीवरून महामार्गांच्या क्षमतेची पुस्तिका सिद्ध केली आणि हा हिशेब बराच सुधारला.

हिशेब निरुपयोगी आहे असे नाही. परंतु या तक्त्यात एक रकाना मुळातच नाही. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्यात मूल्य नाही. कारणही उघड आहे: हा तक्ता रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्यांसाठी केलेला आहे, आणि मूल तो रुंदीच्या दिशेने ओलांडते. परिणाम असा की, ज्या गणनेवरून रस्ता रुंद करण्याचे ठरते, तीत बैलगाडीचा अडथळा आठपट मोजला जातो आणि शाळेतील मुलाची अडचण शून्य धरली जाते.

पादचाऱ्यांसाठी वेगळी सूत्रे आहेत, हे खरे. नियंत्रित ओलांडणी केव्हा द्यावी यासाठी मूळ ब्रिटिश व पुढे आपल्याकडेही स्वीकारलेला एक निकष असा: तासाला ओलांडणाऱ्या माणसांची संख्या, गुणिले तासाला जाणाऱ्या वाहनांच्या संख्येचा वर्ग; हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या वर गेला पाहिजे. तासाला ४०० वाहने जात असतील, तर त्या एका तासात ६२५ माणसांनी रस्ता ओलांडल्याशिवाय हा निकष पुरा होत नाही. दीड-दोनशे पटसंख्येची गावची शाळा तेथवर कशी पोचणार? वेग, ताटकळण्याचा काळ व अपघातांची नोंद यांवर आधारलेले अन्य निकष आहेत. पण अपघातांच्या नोंदीचा निकष पुरा होण्यासाठी अपघात आधी व्हावे लागतात, हे कोणत्याही पालकाला सांगणे कठीण आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

नवव्या-दहाव्या इयत्तेच्या वर्गात चौकटीचा कागद, चिंचोके आणि एक फासा एवढ्या साहित्यावर या शास्त्राचा गाभा शिकविता येतो. १९९२ मध्ये नागेल व श्रेकेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रतिरूपाचे हे लहान रूप आहे. ६० घरांची एक गोल वाट आखावी. एक घर म्हणजे साडेसात मीटर रस्ता, आणि प्रत्येक फेरी म्हणजे एक सेकंद. चिंचोका म्हणजे वाहन. त्याचा कमाल वेग फेरीला २ घरे ठेवावा, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर होतो. प्रत्येक फेरीत चार गोष्टी क्रमाने कराव्यात. वेग २ पेक्षा कमी असल्यास तो एकाने वाढवावा. पुढे जितकी घरे रिकामी असतील त्यांहून वेग अधिक असल्यास तो तितक्यावर आणावा. मग प्रत्येक चिंचोक्यासाठी फासा टाकावा आणि १ पडल्यास वेग एकाने कमी करावा. चालकाचे लक्ष विचलित होणे, उगाच ब्रेकवर पाय जाणे, याची ही नक्कल. शेवटी सर्व चिंचोके एकदम पुढे सरकवावेत.

दहा चिंचोके असतील तर ते सुखाने फिरत राहतात. पंचवीस ठेवा, थोड्याच फेऱ्यांत कोठेतरी गर्दी साचते. तेथे ना खड्डा आहे, ना बंद पडलेली गाडी. शिवाय ही गर्दी वाहनांच्या दिशेने न सरकता उलट मागे सरकते, कारण पुढचे सुटतात आणि मागचे येऊन अडकतात. हा नुसता कागदावरचा खेळ नव्हे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील प्रयोगात सुगियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या गोल वाटेवर २२ मोटारी खऱ्या चालकांसह सोडल्या, आणि कोणाचीही चूक नसताना तेथे असाच तुंबारा निर्माण होऊन मागे सरकत गेला.

आता दुसरा भाग. आठच चिंचोके घ्या, आणि वाटेवरील एका घरावर 'शाळा' अशी खूण करा. तेथील मुलाला रस्ता ओलांडण्यास सात सेकंद लागतात असे धरा. वाहन सेकंदाला दोन घरे येत असल्याने, खुणेच्या अलीकडची १४ घरे रिकामी असतील तरच मुलाने पाऊल टाकावे. आठही चिंचोके मोकळे फिरत असताना सलग १४ रिकामी घरे क्वचितच सापडतात. मग त्यांपैकी एका चिंचोक्याला एसटी किंवा ट्रॅक्टर करा, म्हणजे त्याचा कमाल वेग एक घर ठेवा. ओलांडून पुढे जाण्यास मनाई आहे असे समजा. काही फेऱ्यांतच उरलेले सात त्याच्या मागे गोळा होतात, आणि तांडा निघून गेला की त्याच्या पाठीमागे लांबच लांब मोकळा रस्ता उरतो. मूल निवांत पलीकडे जाते.

एकक पद्धतीच्या हिशेबात जे वाहन केवळ अडथळा होते, तेच मुलाच्या दृष्टीने रस्ता मोकळा करून देणारे ठरले. हा परिणाम नुसती वाहने मोजून दिसत नाही. त्यांची हालचाल उभी केली तरच दिसतो. संथ वाहन राखून ठेवावे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्यामागे खोळंबलेला मोटारसायकलस्वार नेमका चौकातच पुढे घुसतो, आणि तोही धोकाच आहे. तिसऱ्या फेरीत एका चिंचोक्याला बाजूच्या पट्ट्यातून पुढे जाण्याची मुभा देऊन मुलांनाच तो पाहू द्यावा. मुद्दा असा की, रस्ता रुंद झाला, पुढे जाणे सोपे झाले, की तांडे विरतात आणि त्यांच्यामधील मोठे खंडही विरतात. वाहतूक 'सुरळीत' होते, म्हणजे ती सतत येत राहते.

सात सेकंद, दहा सेकंद

याचा हिशेब हातानेही करता येतो. दुपदरी रस्त्याची रुंदी ७ मीटर, आणि लहान मुलाची चाल सेकंदाला १ मीटर धरली तर ओलांडण्यास ७ सेकंद लागतात. त्या काळात ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ११७ मीटर पुढे येते. कर्जत–मुरबाड रस्ता हा शहापूर ते खोपोली या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८-अ चा भाग आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दोन मार्गिका व दोन्ही बाजूंना पक्क्या बाजूपट्ट्या मिळून १० मीटर रुंदी प्रमाण मानली जाते. तेवढी रुंदी ओलांडण्यास मुलाला १० सेकंद हवेत. आणि रुंदीबरोबर वेग वाढून ताशी ८० झाला तर वाहन तेवढ्यात २२२ मीटर येते. म्हणजे मुलाला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरचे वाहन पाहून त्याच्या वेगाचा अंदाज करावयाचा आहे. चालकाच्या बाजूनेही पाहावे: गाडी थांबविण्यास लागणारे दृष्टिअंतर इंडियन रोड्स काँग्रेस ताशी ४० ला ४५ मीटर धरते, ताशी ८० ला १२० मीटर.

वाहने कोणत्याही तांड्याविना, सुटीसुटी येतात असे मानले तर प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र येथे लागू होते, आणि १९३६ मध्ये ॲडम्स यांनी त्यावरून ताटकळण्याच्या काळाचे सूत्र काढले. तासाला ४०० वाहने व ७ सेकंदांची गरज असेल, तर कडेला येऊन उभ्या राहिलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ४६ जणांना लगेच ओलांडता येते, आणि सरासरी खोळंबा साडेतीन सेकंदांच्या आसपास असतो. रुंदीकरणानंतर वाहने ८०० झाली व गरज १० सेकंदांची झाली, तर लगेच ओलांडू शकणारी मुले १०० पैकी केवळ ११ राहतात. सरासरी खोळंबा २७ सेकंदांवर जातो. सत्तावीस सेकंद हा आकडा लहान वाटेल. परंतु शाळेची घंटा झालेली असताना दहा वर्षांचे मूल तेवढा वेळ उभे राहत नाही. ते अपुऱ्या खंडात धाव घेते. प्रतिरूपणात हाच नियम घालावा लागतो: वाट पाहण्याचा काळ वाढेल तसतसा माणूस लहान खंड पत्करतो.

आता याच १० मीटर रस्त्याच्या मध्यावर थांबण्यापुरता विसावा बांधला, तर काय होते? मूल एका वेळी ५ मीटर आणि एकाच दिशेची ४०० वाहने ओलांडते. प्रत्येक अर्ध्या भागात १०० पैकी ५७ मुलांना लगेच वाट मिळते, आणि दोन्ही भाग मिळून सरासरी खोळंबा पुन्हा साडेतीन सेकंदांजवळ येतो. रुंदी तीच, वाहने तीच. उपाय स्वस्त आहे, पण त्यासाठी जागा आराखड्याच्या वेळीच ठेवावी लागते. रस्ता तयार झाल्यावर त्यासाठी जागा काढणे दुरापास्त असते.

गतिरोधकाचेही असेच आहे. १९८८ च्या मानकानुसार त्याची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे वाहन ताशी २५ च्या सुमारास सुखरूप जाते. ग्रामस्थांनी रातोरात घातलेला टेकाडासारखा उंचवटा मोटारीला थांबवितो खरा. पण मोटारसायकलस्वार त्याच्या टोकापाशी, साइडपट्टीवरून वळसा घालून जातो, आणि नेमकी तेथेच मुले उभी असतात. मार्गिकांच्या प्रतिरूपात हा वळसा दिसत नाही, पट्ट्यांच्या प्रतिरूपात दिसतो.

मोजणी कोणी करावी

प्रतिरूपण कितीही चांगले असले तरी ते जागेवरच्या मोजणीशी तोलून घ्यावे लागते. दुसऱ्या शहरातील चालकांच्या सवयी भरून कशेळ्याचे उत्तर काढले तर ते उत्तर त्या शहराचे असेल. संगणकाचे काम अभियांत्रिकी महाविद्यालये व बांधकाम खात्याचे सल्लागार करू शकतात. मोजणी मात्र गावाला करता येते, आणि माझ्या मते ती गावानेच केलेली बरी. चौक केव्हा कसा वागतो हे गावाला ठाऊक असते. सल्लागाराचा माणूस एखाद्या मंगळवारी येतो आणि जातो.

मोजणीचे दिवस निवडताना शाळेचा एक दिवस, पावसाळ्यातील एक रविवार, लावणीच्या आठवड्यातील एक दिवस आणि यात्रेच्या सुमाराचा एक दिवस, एवढे तरी असावेत. दर पंधरा मिनिटांना वेगळी ओळ घेऊन वाहनांची प्रकारवार नोंद करावी. वेग मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही: रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा कराव्यात, ते अंतर ३ सेकंदांत कापणाऱ्या वाहनाचा वेग ताशी ६०, आणि साडेचार सेकंदांत कापणाऱ्याचा ताशी ४०. घड्याळ धरणाऱ्याने रस्त्यापासून दूर, शक्यतो एखाद्या ओट्यावर किंवा गच्चीवर बसावे. मुलांना या कामासाठी कडेला उभे करू नये. गच्चीवरून केलेले तासाभराचे चित्रीकरणही चालते, किंबहुना संशोधक तेच पसंत करतात, कारण ते पुन्हा पुन्हा पाहता येते.

पादचाऱ्यांसाठी निराळा तक्ता ठेवावा आणि त्यात चार रकाने असावेत: ओलांडणारा मूल, प्रौढ की वृद्ध, तो कडेला किती सेकंद थांबला, ओलांडण्यास किती सेकंद लागले, आणि तो चालत गेला की धावत. शेवटचा रकाना प्रचलित तक्त्यांत सहसा आढळत नाही. किती खंड अपुरे होते हे त्यावरूनच कळते, म्हणून तो अवश्य भरावा, आणि रस्त्याच्या आराखड्यावर अभिप्राय मागविले जातील तेव्हा ग्रामपंचायतीने हा तक्ता ठरावासोबत जोडावा.